आधी रिंगला स्प्रिंग बसवा

आपल्याकडे बास्केटबॉलच्या गप्पांत डंकचं, म्हणजे उडी मारून चेंडू हातानेच वरून रिंगमध्ये दाबण्याचं, नाव निघालं की तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, डंक म्हणजे दिखाऊपणा. लेअपलाही (रिंगजवळून बोर्डवर टेकवून आत सोडलेल्या चेंडूला) दोनच गुण, डंकलाही दोनच, मग एवढी उठाठेव कशाला? दुसरा, ते उंच लोकांचं काम, आपल्या अंगकाठीला झेपणारं नाही. तिसरा आक्षेप बहुधा सूचना होऊन येतो: रिंगला लोंबकळू नका, तुटेल. पालक, क्रीडाशिक्षक, क्लबांतले जुने खेळाडू हे सगळं मनापासून बोलतात आणि प्रत्येक आक्षेपात थोडंफार तथ्य आहेच. पण अमेरिकेत या खेळाच्या सान्निध्यात राहिलं की कळतं, हेच आक्षेप इथेही होते. नुसते होते असं नाही, नियम करणाऱ्यांनी ते इतके मनावर घेतले की कॉलेजच्या बास्केटबॉलमधून डंक तब्बल नऊ हंगाम हद्दपार झाला होता. तो परत कसा आला आणि टिकला कसा, यात आपल्या वादासाठी बरंच काही आहे.

दिखाऊपणापासून सुरुवात करू. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, डंकच्या दहा प्रयत्नांपैकी नऊच्या आसपास यशस्वी होतात. तीन गुणांच्या फटक्यांत हे प्रमाण शंभरात पस्तीस-छत्तीस असतं. म्हणजे शंभर डंकमागे १८० च्या घरात गुण आणि शंभर थ्री-पॉइंटरमागे १०५ ते १०८. बास्केटबॉलमध्ये याहून भरवशाचा फटका नाही. कारण अगदी साधं आहे: चेंडू रिंगच्या आत जाईपर्यंत हातातून सुटतच नाही. लेअपमध्ये तो सुटतो, बोर्डवर ठरावीक जागी टेकावा लागतो, आणि सुटल्यापासून बोर्डला लागेपर्यंतच्या क्षणात बचाव करणारा मागून हात घालून तो उडवू शकतो. बोर्डला लागल्यावर मात्र त्याला हात लावता येत नाही, म्हणून चांगला शॉटब्लॉकर त्या एका क्षणासाठीच टपलेला असतो. डंक हा क्षण त्याला देतच नाही. अडवायचंच असेल तर रिंगच्या वर जाऊन चेंडूवर हात ठेवावा लागतो, आणि ते फार थोड्यांना जमतं.

खो-खोत आकाशीय सूर मारून गडी टिपणाऱ्याला आपण दिखाऊ म्हणत नाही. हात वीतभर आधी पोचावा म्हणून तो सूर असतो. डोळ्यांना सुंदर दिसतो, हा वरचा लाभ. डंकचं नेमकं तेच आहे. दिखावा तेव्हा होतो जेव्हा मोकळ्या रिंगवर साधा दोन हातांचा डंक पुरेसा असताना कोणी हात गरगर फिरवतो आणि चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटून अर्ध्या कोर्टात जातो. किंवा डंक झाल्यावर उगाच लटकून राहतो, टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवर्तनाची शिक्षा, ओढवतो आणि प्रतिस्पर्ध्याला एक फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता मारायचा फटका, बहाल करतो. अशा वेळी प्रशिक्षकाने रागवायलाच हवं. राग मात्र त्या नखऱ्यावर हवा, फटक्यावर नको.

आता उंची. खरा हिशेब उंचीचा नसून पोहोचीचा आहे. भिंतीला लागून उभं राहा, टाचा जमिनीवर ठेवा, एक हात ताणून वर करा आणि मधलं बोट जिथे पोचतं तिथे खूण करा. ही झाली उभी पोहोच. रिंग ३०५ सेंटिमीटरवर असते. एका हाताने चेंडू आत दाबायचा तर बोटं रिंगच्या निदान १५ सेंटिमीटर वर जायला हवीत, म्हणजे मनगट जवळपास रिंगच्या पातळीला येतं. तेव्हा गाठायचा आकडा ३२०. १८३ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची पोहोच साधारण २४२ भरते. त्याला धावत येऊन ७८ सेंटिमीटर उडी लागेल. दोन मीटर उंचीच्या खेळाडूला ५५ च्या आसपास पुरते. १७० सेंटिमीटरवाल्याला मात्र जवळपास ९५ लागते. एकाच उंचीच्या दोघांच्या पोहोचीत हातांच्या आणि खांद्यांच्या ठेवणीमुळे आठ-दहा सेंटिमीटरचा फरक सहज निघतो, म्हणून आधी भिंतीवरची खूण बघावी, शाळेच्या दाखल्यावरची उंची नंतर.

१७० सेंटिमीटरच्या स्पड वेबने १९८६ मध्ये डॅलसला एनबीएची डंक स्पर्धा जिंकली. १७५ सेंटिमीटरच्या नेट रॉबिन्सनने ती तीनदा जिंकली. १८८ सेंटिमीटरच्या मॅक मॅक्लंगने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी ओळीने तीन वर्षं जिंकली. ही माणसं अपवाद आहेत हे मान्य करायला हवं. आडदांड नसलेल्या मुलाला ‘आठ आठवड्यांत डंक’ विकणारे कार्यक्रम इथे इंटरनेटवर ढिगाने मिळतात आणि ते त्याची फसवणूक करतात. काही आठवड्यांच्या नेटक्या सरावातून उडीत पाच सेंटिमीटरच्या आतबाहेर भर पडली तर ती चांगली म्हणायची. वीस सेंटिमीटर कमी पडत असतील तर ते वर्षानुवर्षांचं काम आहे, आणि अनेकांना ते कधीच साधणार नाही.

पण उंचीचा आक्षेप आपल्याला एका वेगळ्याच ठिकाणी नडला, असं मला वाटतं. एप्रिल २०१५ मध्ये २२६ सेंटिमीटरचा सिम भुल्लर सॅक्रामेंटो किंग्जकडून खेळला आणि एनबीएत उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. तो मूळचा कॅनडाचा. त्याच वर्षी डॅलस मॅव्हरिक्सने पंजाबच्या सतनाम सिंगला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. त्याची उंची २१८ सेंटिमीटर, आणि भारतात जन्मून एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडला गेलेला तो पहिलाच. दोघांचंही कौतुक रास्त होतं. पण आपण त्यातून उचललं ते एवढंच, की उंच मुलं शोधा. सतनामला पुढे एनबीएच्या नियमित हंगामात एकही सामना खेळायला मिळाला नाही. आजच्या खेळात नुसत्या उंचीला बाजार राहिलेला नाही. कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावून पुन्हा पुन्हा उडी मारू शकणारे पाय लागतात. उंची जन्मासोबत येते. उडीचा बराच भाग मात्र शिकवता येतो, आणि तो शिकवायची सोय आपल्याकडे तोकडी आहे.

ती शिकवण काय असते ते नीट सांगायला हवं, कारण डंकबद्दलचे बहुतेक गैरसमज ही प्रक्रिया ठाऊक नसल्याने होतात.

धाव तीन ते पाच पावलांची असते. चेंडू हातात गोळा केल्यावर दोन पावलं मिळतात. चालता चालता चेंडू पकडताना जमिनीवर असलेलं पाऊल या दोनांत धरलं जात नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत ही स्पष्टता २०१७ मध्ये आली, आणि जुन्या पंचांना ती अजून खटकते. उजव्या हाताने डंक करणारा बहुधा डाव्या पायावर उडतो. शेवटून दुसरं पाऊल लांब पडतं आणि त्यात कंबर खाली जाते. शेवटचं पाऊल आखूड, झटक्याचं, धड किंचित मागे झुकलेलं. या लांब-आखूड जोडीतून पुढच्या वेगाचं वरच्या वेगात रूपांतर होतं. नवशिक्या नेमकं उलटं करतो: रिंग जवळ आली की चार बारीक पावलं टाकत वेग मारतो, मग शेवटचं पाऊल ताणतो. उडी तिथेच मरते.

उडायची जागा हा दुसरा पेच. रिंगखाली जे नो-चार्ज अर्धवर्तुळ (ज्यात उभ्या बचावपटूला धडकल्याचा फाउल आक्रमकावर लागत नाही) आखलेलं असतं त्याची त्रिज्या १.२५ मीटर. एका पायावर उडणाऱ्याने त्या रेषेच्या थोडं बाहेरून उडावं. दोन पायांवर उडणाऱ्याला रेषेच्या आत यावं लागतं, कारण त्याचा पुढचा वेग कमी असतो. फार जवळून उडालं तर शरीर रिंगच्या खालून वर येतं आणि चेंडू पुढच्या कडेवर अडतो. फार लांबून उडालं तर उडीचा माथा रिंगच्या अलीकडे येऊन जातो, हात उतरतीला रिंगपाशी पोचतो आणि चेंडू मागच्या कडेवर आदळतो. चुकलेला डंक पाहताना चेंडू पुढच्या कडेला लागला की मागच्या, एवढं पाहिलं तरी चूक पावलांत कुठे झाली ते सांगता येतं.

मग पकड. सात नंबरच्या चेंडूचा व्यास २४ सेंटिमीटरच्या जवळपास आणि रिंगचा ४५, म्हणजे आत जागा भरपूर आहे; अडचण असते ती चेंडू तिथवर हातात टिकण्याची. पंजा मोठा असेल तर चेंडू वरून पकडता येतो. नसेल तर तो तळहात आणि मनगटाच्या आतल्या बाजूत दाबून वर न्यावा लागतो. दोन्ही हातांनी छातीवरून डोक्यापर्यंत न्यायचा आणि शेवटच्या क्षणी एका हातात सोपवायचा, ही पद्धत लहान पंज्याला सगळ्यात सोयीची. हातात चेंडू असला की हातांचा झोका नीट घेता येत नाही आणि उडी काही सेंटिमीटरने घटते. रिकाम्या हाताने रिंग धरता येते पण डंक होत नाही, याचं हेच कारण. म्हणून सरावाची चढण अशी असते: आधी टेनिसचा चेंडू, मग व्हॉलीबॉल, मग पाच नंबरचा बास्केटबॉल, सहा, आणि शेवटी सात. किंवा रिंग खाली घ्यायची, २७५ सेंटिमीटरवर, आणि चेंडू पूर्ण आकाराचा ठेवायचा. एका बैठकीत दहा-पंधरा प्रयत्न पुरे. पोहोच दोन बोटं घटली की त्या दिवशी थांबायचं. थकलेले पाय फक्त चुकीची सवय शिकतात.

पायांत ताकद आणायला स्क्वॉट आणि डेडलिफ्ट हे वजनं घेऊन करायचे व्यायाम, चपळाई आणायला उड्यांचे व्यायाम. नवशिक्याने एका सत्रात ८० ते १०० वेळा पाय टेकवावेत, त्याहून जास्त नाही, आणि दोन सत्रांत निदान ४८ तास जाऊ द्यावेत. ठोकळ्यावरून खाली येऊन लगेच वर उडण्याचा व्यायाम सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात घातक. शरीराच्या वजनाच्या दीडपट स्क्वॉट होईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नये असा जुना दंडक आहे. ठोकळा ३० सेंटिमीटरचा पुरतो. आणि या सगळ्याआधी उतरायला शिकायचं: दोन्ही पायांवर, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, आवाज कमीत कमी. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तर ती उड्या मारणाऱ्यांची ठरलेली व्याधी असते, आणि ती दुखत असताना रेटत राहिलं की महिनोन्‌महिने हटत नाही. अमेरिकेतल्या डंकवेडाची खरी किंमत इथे मोजली जाते. पंधरा-सोळा वर्षांची मुलं बारा महिने हाच एक खेळ खेळतात, उन्हाळ्यातही सुट्टी नसते. आपल्याकडचा पालक गुडघ्यांची काळजी करतो तेव्हा त्याला मागासलेला ठरवू नये. या बाबतीत त्याचंच बरोबर आहे.

आता त्या नऊ हंगामांकडे. डंक जुनाच आहे. १९३६ च्या अमेरिकन ऑलिंपिक संघातला जो फोर्टेनबेरी तो करायचा, १९४० च्या दशकात ओक्लाहोमातला बॉब कर्लंड करायचा. तोवर कोणाला त्यात मोठा धोका दिसला नव्हता. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला कॉलेजचं विजेतेपद मिळालं, त्यात लू अल्सिंडर होता, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. त्याच वर्षी कॉलेजच्या नियम समितीने डंकवर बंदी घातली. कारणं सांगितली ती आपल्या ओळखीची: रिंगा आणि बोर्ड मोडतात, दुखापती होतात, उंच खेळाडूला वाजवीपेक्षा जास्त फायदा मिळतो. अल्सिंडरने स्वतः त्यामागे वर्णभेदाचा वास येतो असं म्हटलं. त्याच्या एक वर्ष आधी, १९६६ मध्ये, टेक्सस वेस्टर्न कॉलेजने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी अंतिम सामन्याची सुरुवात केली होती, सुरुवातीलाच डेव्हिड लॅटिनने जोरदार डंक मारला होता आणि सगळे गोरे खेळाडू असलेला केंटकीचा संघ हरला होता. हे लक्षात घेतलं तर अल्सिंडरच्या बोलण्याला वजन येतं.

बंदीने अल्सिंडर थांबला का? नाही. त्याने हुक शॉट, म्हणजे बाजूने हात डोक्यावरून वळवून सोडायचा फटका, घासून घासून असा घडवला की पुढची वीस वर्षं तो कोणाला अडवता आला नाही, आणि यूसीएलएने १९६८ आणि १९६९ ची विजेतेपदंही घेतली. बंदीच्या बाजूने बोलणारे याचाच दाखला देतात: बघा, डंक नाही म्हटल्यावर कौशल्य आलं. मला तो दाखला पटत नाही. त्याच काळात नॉर्थ कॅरोलिना स्टेटचा डेव्हिड टॉम्प्सन रिंगच्या वर जाऊन हवेतला पास झेलायचा आणि चेंडू दाबायची मनाई म्हणून अलगद आत सोडायचा. उडी तीच, उतरण्याचा धोका तोच. फक्त मनगट आवरायचं. १९७५ मध्ये आपल्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्यात त्याने एकदाच डंक केला आणि त्याला टेक्निकल फाउल मिळाला. दुखापत टाळण्याचा उद्देश त्या बंदीतून कुठे साधला जात होता?

दरम्यान कॉलेजबाहेर डंक फोफावत होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या रकर पार्कला आणि एबीए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये ज्युलियस अर्विंग जे करत होता ते पाहायला लोक पैसे मोजत होते. जानेवारी १९७६ मध्ये डेन्व्हरला एबीएच्या ऑल-स्टार सामन्याच्या मध्यंतरात पहिली डंक स्पर्धा झाली. अर्विंगने फ्री थ्रोच्या रेषेजवळून उडून ती जिंकली. ती रेषा बोर्डपासून ४.५७ मीटरवर असते. त्याच वर्षी एबीए एनबीएत विलीन झाली आणि १९७६-७७ च्या हंगामापासून कॉलेजांनीही बंदी उठवली.

बंदी उठली, पण रिंग मोडण्याचा प्रश्न तसाच होता. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर १९७९ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॅरिल डॉकिन्सने कॅन्सस सिटीत डंक करताना काचेच्या बोर्डचा चुरा केला, आणि तीन आठवड्यांनी घरच्या मैदानावर पुन्हा. का फुटायची काच? रिंगची आतली कड बोर्डपासून १५ सेंटिमीटरवर सुरू होते आणि पुढची कड ६० सेंटिमीटरवर येते. शंभर किलोचा माणूस त्या पुढच्या कडेला लटकला की साठ सेंटिमीटरच्या तरफेने तो भार मुळाशी असलेल्या बोल्टांवर जातो, आणि बोल्ट काचेतल्या भोकांतून गेलेले असत. झेपावत आलेल्या शरीराचा झटका तर नुसत्या वजनापेक्षा कितीतरी मोठा. कडक काचेला दाब सोसतो, भोकाच्या काठावरचा ताण सोसत नाही.

यावर उपाय काढला इलिनॉयमधल्या आर्थर एरॅट नावाच्या माणसाने. तो धान्याच्या कोठारावर काम करायचा. त्याचा भाचा कॉलेजात साहाय्यक प्रशिक्षक होता. एरॅटने शेतीच्या औजारातली जॉन डिअरची स्प्रिंग घेतली आणि रिंगच्या मुळाशी बिजागरीसारखी बसवली: ठरावीक भारापर्यंत रिंग ताठ, त्यापलीकडे खाली वाकते, सोडली की जागेवर येते. १९८२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याच सुमारास एनबीएने वाकणाऱ्या रिंगा सक्तीच्या केल्या. आज आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की पुढच्या कडेवर ८२ ते १०५ किलोच्या दरम्यान भार आल्यावर रिंग सुटावी, १० ते ३० अंशांत वाकावी आणि आपोआप वर यावी. रिंग बोर्डला जोडायची नाही, मागच्या सांगाड्याला जोडायची, म्हणजे रिंगवरचा भार काचेत उतरतच नाही. शिस्तीच्या भाषणांनी नऊ हंगामांत जे झालं नाही ते एका स्प्रिंगने केलं.

‘लोंबकळू नका’ ही सूचना याच उजेडात वाचायला हवी. नियमपुस्तक तिच्यापेक्षा शहाणं आहे. डंकनंतर क्षणभर रिंग धरायला ते परवानगी देतं, आणि पंचाला वाटलं की खेळाडू स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून धरून आहे, तर जास्त वेळही. वेगाने आलेल्या माणसाचे पाय डंकनंतर पुढे झुलतात. त्या क्षणी हात सोडला तर तो पाठीवर पडतो. झोका परत येऊन पाय सरळ खाली आल्यावर सोडायचं, हे शिकवावं लागतं. सरसकट मनाई ऐकत वाढलेला मुलगा नेमक्या चुकीच्या क्षणी हात सोडतो.

पण ही सगळी वकिली वाकणाऱ्या रिंगची आहे. लोखंडी खांबाला वेल्ड केलेली ताठ रिंग, खाली सिमेंट, खांबाला गादी नाही, आणि खांब अंतिम रेषेला चिकटून उभा, अशा मैदानावर डंकला मनाईच हवी. नियमाप्रमाणे सांगाडा अंतिम रेषेच्या दोन मीटर मागे असतो आणि गादी २१५ सेंटिमीटर उंचीपर्यंत असते. ती मोजमापं डोकं आणि पाय वाचवण्यासाठी आहेत. क्रीडाशिक्षक तिथे मुलांना ओरडतात ते योग्यच करतात. कबड्डी आणि खो-खो मातीवरून मॅटवर आले तेव्हा सूर आणि झेपा यांचं रूप पालटलं. बास्केटबॉलच्या मैदानाला तो बदल अजून सगळीकडे मिळालेला नाही.

लोकांना डंक इतका का आवडतो, याचं उत्तर देताना इथेही भलते शब्द वापरले जातात. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, तो समजायला नियम माहीत असावे लागत नाहीत. रिंग सर्वांच्या डोक्यावर आहे आणि एक माणूस तिच्या वर गेला, एवढं तीन वर्षांच्या मुलालाही कळतं. दोन, तरंगण्याचा भास. ७५ सेंटिमीटरच्या उडीत माणूस ०.७८ सेकंद हवेत असतो, पूर्ण एक मीटर उडी मारली तरी ०.९. पण गुरुत्वाकर्षणाच्या गणिताने त्यातला नेमका अर्धा वेळ उडीच्या वरच्या चतुर्थांशात जातो. वर जाताना वेग कमी होत जातो, माथ्यावर शून्य होतो. म्हणून डोळ्यांना तो थबकल्यासारखा वाटतो, आणि त्याच अवधीत त्याचे हात काहीतरी करत असतात. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये विन्स कार्टर २१८ सेंटिमीटरच्या फ्रेडरिक वाइसवरून उडून गेला, ते दृश्य आजही पाहताना श्वास अडकतो. ‘स्लॅम डंक’ हा शब्दही रूढ झाला. त्याचं श्रेय लेकर्स संघाचा समालोचक चिक हर्न याला दिलं जातं.

याच्या नावाने भरणारी एनबीएची वार्षिक स्पर्धा मात्र मला आता थकलेली वाटते. १९८८ मध्ये शिकागोत मायकल जॉर्डन आणि डॉमिनिक विल्किन्स १४७-१४५ असे झुंजले, २००० मध्ये ओकलंडला कार्टर एकटाच सगळ्यांना पुरून उरला, २०१६ मध्ये टोरंटोत झॅक लाव्हीन आणि ॲरन गॉर्डन यांनी कमाल केली. त्यानंतर मोठे खेळाडू फिरकत नाहीत आणि एक डंक जमायला चार-चार प्रयत्न होतात. पाच परीक्षक, प्रत्येकी दहा गुण. पण मापदंड लिहिलेला नाही. २०२० मध्ये गॉर्डन २२६ सेंटिमीटरच्या टॅको फॉलवरून उडाला आणि एका गुणाने हरला. सामन्यात पळत्या गर्दीतून उगवणारा डंक आणि टाळ्यांची वाट बघत केलेला डंक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्याकडे मुलं मोबाइलवर बहुधा दुसराच पाहतात. दिखाऊपणाचा आक्षेप घेणारेही तोच पाहून बोलतात.

आणि डंक नसेल तर खेळ चालत नाही, हेही खरं नाही. जॉर्जन वेल्सने डिसेंबर १९८४ मध्ये कॉलेजच्या सामन्यात डंक केला, लिसा लेस्लीने जुलै २००२ मध्ये डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये. तरी महिलांच्या खेळात तो विरळाच राहिला. एलेना डेल डॉन हिने महिलांसाठी रिंग खाली आणायची जाहीर मागणी केली, ती मानली गेली नाही. तरीसुद्धा २०२४ चा महिलांचा कॉलेज अंतिम सामना अमेरिकेत १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त. लोक आले ते लांबून पडणाऱ्या फटक्यांसाठी. महिलांची रिंग खाली आणावी असं मलाही वाटत नाही. नेमबाजीची आयुष्यभराची सवय मोडून मोजके डंक मिळवण्यात काय हशील?

लहान मुलांची रिंग मात्र नक्की खाली यावी. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांची शिफारस अशी: सात-आठ वर्षांच्या मुलांना ८ फुटांची रिंग आणि पाच नंबरचा चेंडू, नऊ ते अकरा वर्षांना ९ फूट आणि सहा नंबर, बारानंतर १० फूट. आपल्याकडे आठ वर्षांचं पोर दहा फुटी रिंगकडे कमरेतून चेंडू फेकतं आणि ती फेक पुढे कायमची हाताला चिकटते. डंकपायी पाया कच्चा राहतो असं म्हणणाऱ्यांनी आधी इथे लक्ष द्यावं.

ज्यांच्या हातात एखादं मैदान आहे त्यांनी नवीन रिंग घेताना विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत: किती किलोला सुटते, आणि जोडणी बोर्डला आहे की सांगाड्याला? उत्तर देता आलं नाही तर घेऊ नये. बसवल्यावर महिन्यातून एकदा मोजपट्टी लावून रिंगची पुढची कड आणि मागची कड दोन्ही ३०५ वर आहेत का बघावं. पुढची कड खाली असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा बोल्ट सैल झाले आहेत. उघड्या मैदानावर पावसाळ्यानंतर बिजागरी गंजून अडकते. रिंग खाली ओढून सोडल्यावर ती झटकन वर येत नसेल तर झाकण उघडून गंज काढावा, ग्रीस भरावं, आणि ती पुन्हा नीट वर येईपर्यंत तिच्यावर कोणाला उडू देऊ नये.